ताटातलं पाणी

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईला नाही, आणि देवाशी बोलायची मला सवय नाही. मग तुम्हाला का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून. ओळखीच्या माणसासमोर मी लगेच वकिलासारखी बोलायला लागते — आधी परिस्थिती, मग दुसऱ्याची चूक, मग माझा नाइलाज. इथे तसं करायचं नाही असं ठरवलं आहे. जमतं का, बघू.

मी जयपूरला वकिली करते. बाबा विमा कंपनीत होते, अमरावतीहून बदली होऊन इथे आले, मानसरोवरमध्ये घर घेतलं आणि मग परत जायचं नाव कुणी काढलं नाही. आमच्या ऑफिसात घरगुती भांडणांचं काम मोठं. घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा. लोकांना वाटतं, अशा कामाने माणूस हळवा होत असेल. कसला हळवा? समोर बाई रडायला लागली की मी पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवते आणि मनात म्हणते, आवर बाई लवकर, लग्नाची तारीख सांग.

मी ऑफिसात आले तेव्हा अर्ज जुन्या फायलींवरून उतरवले जायचे. मुन्शीजी मागच्या कुणाच्या तरी अर्जातली नावं काढून नवी घालायचे आणि एखादं हमखास राहून जायचं. एकदा मूलबाळ नसलेल्या जोडप्याच्या अर्जात आम्ही तीन मुलं ठेवली होती. समोरच्या वकिलाने कोर्टात विचारलं, "बच्चे कहाँ हैं, मिलवाइए तो सही." सक्सेना सर — ऑफिस त्यांचं — तिथे सगळ्यांबरोबर हसले आणि परत येऊन मुन्शीजींच्या अंगावर फाईल फेकली. त्या उन्हाळ्यात कोर्टाला सुट्टी लागली तेव्हा मी साचे बनवायला घेतले. भाडेकरार, नोटिसा, शपथपत्रं, मग घटस्फोटाचे अर्ज. कॉम्प्युटर एकेक प्रश्न विचारणार, ज्युनिअरने उत्तरं भरायची, काही ठिकाणी तयार वाक्यांतलं एक निवडायचं, की अर्ज छापून हातात. जे काम दोन दिवस रेंगाळायचं ते चहा निवायच्या आत होऊ लागलं. सर मला सगळ्यांसमोर बेटा म्हणाले. मला ते फार आवडलं — इतकं की आज लिहितानाही जरा बरं वाटतं आहे.

त्या अर्जात एक जागा अडून बसली होती. नवऱ्याने केलेला छळ जिथे लिहायचा, ती. कायदा त्याला क्रूरता म्हणतो. जुन्या फायलींमध्ये ठरलेली वाक्यं होती — मारहाण, शिवीगाळ, हुंडा, माहेरचा अपमान. ती वाचताना न्यायाधीशांना जांभया येतात. शिवाय आमच्याकडे येणाऱ्या बायका कोण? डॉक्टरांच्या, बँकवाल्यांच्या, सिविल लाइंसमधल्या साहेबांच्या. त्यांच्या अंगावर वळ नसतात. त्यांच्यासाठी मला असं काहीतरी हवं होतं, ज्यात कुणी हातही लावलेला नाही आणि तरी वाचणाऱ्याला लागेल. हिवाळा आला तरी ते सुचेना. छळाच्या बाबतीत माझी कल्पनाशक्ती तेव्हा तोकडी होती.

मग अपर्णाने ते आणून दिलं.

अपर्णा माझी शाळेपासूनची मैत्रीण. आमच्या गल्लीत मराठी घरं दोनच, तिचं आणि माझं. बाहेर सगळा हिंदी कारभार, तेव्हा आम्हाला एकमेकींशिवाय मराठीत भांडायला कुणी नव्हतं. तिचं लग्न निखिलशी झालं. इथल्याच एका हॉस्पिटलात डॉक्टर, घर मराठी, देवधर्म सांभाळणारं. पोरीने नशीब काढलं, असं माझी आई मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली होती.

त्या दुपारी अपर्णा आणि मी माझ्या स्वयंपाकघरात मटार सोलत बसलो होतो. जयपुरात मटार स्वस्त झाले की आम्ही गोणीभर आणून निम्मे-निम्मे करतो. ती नेहमीसारखी बडबडत नव्हती. मग मान खाली घालूनच म्हणाली, "तो ओरडत नाही गं. मतलब, आवाजच नाही. जेवायला बसतो, श्लोक म्हणतो, ताटाभोवती पाणी फिरवतो, चित्राहुती घालतो, सगळं नीट. एक घास खातो. मीठ कमीजास्त लागलं की तांब्यातलं उरलेलं पाणी माझ्या ताटात ओततो. स्वतःच्या नाही, माझ्या. आणि मी ते संपवेपर्यंत बसून राहतो."

मी विचारलं, रोज? ती म्हणाली, रोज नाही, कधी ओतेल ते कळत नाही, तेच तर. मग म्हणाली की सई — तिची मुलगी, तेव्हा पाच वर्षांची — आता कुणीही तांब्या उचलला की आपल्या ताटावर दोन्ही हात ठेवते. हे सांगताना ती हसली. मी रडले. खोटं नाही, खरंच रडले. तिचा हात धरला, उठले, मटार पिशव्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवले आणि पुन्हा येऊन तिचा हात धरला.

त्याच आठवड्यात ते वाक्य माझ्या साच्यात गेलं. "अप्रार्थी भोजन में दोष निकालकर प्रार्थिया की परोसी हुई थाली में पानी उंडेल देता था और उसे वही भोजन खाने को विवश करता था." प्रार्थिया म्हणजे अर्ज करणारी बायको, अप्रार्थी म्हणजे नवरा. मी ते मोठ्याने वाचून पाहिलं. छान झालं होतं. श्लोक काढला, चित्राहुती काढली, कारण राजस्थानी घरात ती कोण घालतं? सईचे हातही काढले. प्रत्येक अर्जदार बाईला मूल असतंच असं नाही, आणि साच्यात तेच ठेवायचं जे सगळ्यांना बसेल. मला वाटलं, किती व्यवस्थित काम केलं.

वाक्य चाललं. फारच चाललं. आमचे ज्युनिअर नोकरी सोडताना साचे पेन ड्राइव्हवर घेऊन गेले, त्यांच्याकडून कोर्टाबाहेरच्या टायपिंगवाल्यांकडे पोचले, तिथून चारदीवारीतल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या, जिन्याखाली टेबल टाकून बसणाऱ्या वकिलांकडे. जो नवरा घरात स्वतःच्या हाताने पाणी घेऊन पीत नव्हता, तोसुद्धा कागदावर बायकोच्या थाळीत पाणी ओतायला लागला. आम्ही ज्या केसमध्ये नवऱ्याच्या बाजूने असू, तिथे समोरच्या अर्जात हे वाक्य आलं की मला गंमत वाटायची. आपली भाजी शेजारणीच्या ताटात दिसावी, तशी.

इथपर्यंतचं मी कबूल करते आहे असं समजू नका. एवढंच असतं तर मी तुमचा वेळ घेतला नसता.

दीड-दोन वर्षांनी अपर्णा सईला घेऊन माहेरी निघून आली. मला म्हणाली, तू माझी केस घे. तिला पोटगी नको होती, दागिने नको होते. तिचं एकच म्हणणं — सईला त्या घरात जेवायला पाठवायचं नाही. भेटू दे त्याला, बागेत, माझ्या बाबांकडे, कुठेही. पण त्या टेबलावर ती बसणार नाही. मी म्हटलं, जवळच्या माणसाची केस घेऊ नये, डोकं थंड राहत नाही. खरं कारण वेगळं होतं. तिचं दुःख फीच्या हिशेबात धरता येणारं नव्हतं आणि सरांना अशा केसेस आवडत नसत. मी तिला दुसऱ्या वकिलाचं नाव दिलं.

काही दिवसांनी तिचा फोन आला. आवाजात हुशारी होती. म्हणाली, "वैशू, अगं, मी पाण्याचं सांगायला लागले तर ते म्हणाले, हाँ हाँ, वो है मेरे पास, आणि लगेच काढून दाखवलं. म्हणजे बाकीच्यांकडेही असं होतं गं. मला उगाच वाटायचं, माझ्या एकटीच्याच घरी." तिला बरं वाटत होतं. तेव्हा सांगायला नको होतं का, की अगं वेडे, बाकीच्यांकडे असं होत नाही, ते तुझंच आहे, सगळीकडे फिरून तुझ्याकडे परत आलंय? श्लोक घाल, चित्राहुती घाल, सईचे हात घाल, नाहीतर फसशील? एका वाक्याचं काम होतं. मी म्हटलं, हो का, बरं झालं.

मग निखिल आमच्या ऑफिसात आला. त्याच्या हॉस्पिटलची कामं सर बघायचे, म्हणून तो आला. मी सरांना म्हटलं, मी बाईंना ओळखते. किती ओळखते ते सांगितलं नाही. सर म्हणाले, "तब तो और अच्छा है. सारे मैसेज मराठी में हैं, और पढ़ेगा कौन?" अपर्णाला मी सांगितलं की मला या फाईलपासून लांब ठेवलं आहे. तिने विश्वास ठेवला. का ठेवणार नाही?

ते मेसेज मी वाचले. निखिलने तिच्या फोनवरून फोटो काढून आणले होते, तिने तिच्या आईला पाठवलेले. बहुतेक किरकोळ — सईचा ताप, कामवाली आली नाही, लोणचं संपलं. आणि मध्ये एक माझ्यावर. "वैशूला सांगितलं आज. ती रडली. मग मटार फ्रीजमध्ये ठेवायला उठली. तिला ऐकायला आवडतं, बाकी तिच्याकडून काही होणार नाही."

मी ते पुन्हा वाचलं. माझे कान तापले. त्यातला शब्दन् शब्द खरा होता म्हणून तापले असतील. पण तेव्हा मला एवढंच कळलं की ही माझ्या घरी बसून, माझे मटार नेऊन, वर मला अशी तोलत होती. आणि मी म्हटलं — मनात म्हटलं, पण स्पष्ट शब्दांत — माझ्याकडून काय होतं ते बघच.

सरांनी मला काही सुचवलं नव्हतं. ते नेहमीचा जवाब देणार होते, सगळे आरोप खोटे आहेत म्हणून. मीच कपाट उघडलं. जुन्या फायलींमधून समोरच्या बायकांचे अर्ज काढले, ज्यात ते वाक्य होतं, जसंच्या तसं, स्वल्पविरामासकट. नावं काळी केली. गठ्ठा सरांच्या टेबलावर ठेवला आणि म्हटलं, सर, ही बाई म्हणते तिच्या ताटात पाणी ओतलं, पण जयपुरातल्या सगळ्याच बायकांच्या ताटात ओतलेलं दिसतं. सर आधी समजले नाहीत. मग समजले. ते वाक्य मुळात कुठून निघालं, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांना माहीत असेल, नसेल.

उलटतपासणीला मी गेले नाही, जाऊ शकत नव्हते. सर दुपारी परत आले, सगळ्यांसाठी प्याजकचोरी मागवली आणि रंगवून सांगायला बसले. आधी त्यांनी अपर्णाला विचारलं, पानी ठंडा था या गरम? मग विचारलं, हे वाक्य तुमचं? ती म्हणाली, जी. मग एकेक अर्ज वाचत गेले. हे कुणाचं? आणि हे? आणि हे? तिसऱ्या-चौथ्याला न्यायाधीश बाईंनी हात वर केला आणि म्हणाल्या, "रहने दीजिए वकील साहब, यह थाली तो मैं रोज़ पढ़ती हूँ." कोर्टातला टायपिस्टसुद्धा हसला म्हणे. अपर्णाने काहीतरी श्लोकाचं सांगायचा प्रयत्न केला, पण अर्जात श्लोक नव्हता, आता आणलेली गोष्ट म्हणून तिचं कुणी ऐकलं नाही. मी कचोरी खाल्ली. चांगली होती, गरम होती.

तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी काही वाटलं असेल. वाटलं. जिंकल्यासारखं वाटलं.

पुढचं लवकर झालं. तिच्याच वकिलाने तिला समजावलं, आता ताणू नका, आपसी सहमतीने मोकळ्या व्हा, नाहीतर खोटारडी बाई म्हणून मुलीचाही ताबा हातचा जाईल. तिच्या आईबाबांनीही हेच सांगितलं. सहमतीचा कागद आमच्या ऑफिसातून गेला. तोही साचा माझाच. त्यात लिहिलेलं असतं की याआधी केलेले आरोप गैरसमजातून झाले होते आणि ते मागे घेतले जात आहेत. आणि सई आईकडे राहील, पण दर रविवारी वडिलांकडे जाईल, दुपारचं जेवण तिथे करून संध्याकाळी परत येईल. जेवणाचा उल्लेख निखिलने आग्रहाने घालायला लावला. मी तो टाइप केला. अपर्णाने सही केली.

सुंठीवाचून खोकला गेला, असं मी नवऱ्याला म्हटलं. त्याला वाटलं, मी मैत्रिणीसाठी खूश आहे.

अजूनही मी मुख्य गोष्टीपाशी आलेली नाही. कळतंय मला. दाराशी येऊन चपला शोधत बसल्यासारखं चाललं आहे माझं.

मागच्या हिवाळ्यात, एका शनिवारी, अपर्णा सईला घेऊन माझ्याकडे जेवायला आली. सई आठ वर्षांची झाली होती, दुसऱ्या दिवशी तिचा बाबांकडे जायचा वार. ती बाहेरच्या खोलीत माझ्या नवऱ्याबरोबर कॅरम खेळत होती. मी पोळ्या लाटत होते, अपर्णा भाजत होती. ती वाळली होती. बोलताना मध्येच थांबायची आणि वाक्य तिथेच सोडून द्यायची. पूर्वी अशी नव्हती, पूर्वी तिला थांबवावं लागायचं.

तव्यावर पोळी तशीच ठेवून ती म्हणाली, "वैशू, एक विचारू? खरं सांग हं. जज मॅडम म्हणाल्या, त्या हे रोज वाचतात. आई म्हणते, एकदा सांडलं असेल आणि तू मनात धरून बसलीस. मला आता कळेनासं झालंय गं. त्याने खरंच ओतलं होतं, की मी वकिलाच्या कागदात वाचलं आणि मग मला तसंच आठवायला लागलं?" मी पुढची पोळी लाटायला घेतली. ती पुढे म्हणाली, "मी तुला आधी सांगितलं होतं ना? इथेच, मटार सोलताना? तुला सांगितलं असेन तर ते खरं. तेव्हा तर कागद नव्हताच. जुना फोन गेला, त्यातले मेसेजही गेले, आणि आईला काही आठवत नाही. तू फक्त एवढंच सांग, सांगितलं होतं का?"

पोळी करपायला लागली होती. मी पुढे होऊन ती उलटली.

बघा, मला सगळं आठवत होतं. तिची मान खाली होती, नखात हिरवं साल अडकलेलं होतं, आणि तिने चित्राहुती हा शब्द म्हटला तेव्हा माझ्या मनात आलं होतं की हा शब्द आपण कितीतरी दिवसांत ऐकला नाही. जगात तिला ते सांगू शकणारी एकटी मी होते. कोर्ट नव्हतं, सर नव्हते, निखिल नव्हता. नोकरी जाणार नव्हती. हो म्हटलं असतं तर ती उठून कुठे जाणार होती? कुठेही नाही. फक्त तिला तिचं डोकं परत मिळालं असतं. आणि कदाचित तिने रविवारचं काहीतरी केलं असतं.

मी म्हटलं, "मला नाही आठवत गं. मटार सोललेले आठवतात. पण असं काही बोलली असतीस तर लक्षात राहिलं असतं माझ्या." आणि एवढ्यावर थांबले नाही. म्हटलं, "होतं असं. एवढ्या ताणात माणूस वाचलेलं आणि घडलेलं एक करतो. आमच्याकडे किती बायका येतात अशा."

मग तिचे खांदे खाली आले. "असेल," ती म्हणाली. "असेल तसंच. मलाच मेलीला काहीतरी वेड." आणि करपलेली पोळी तिने स्वतःच्या ताटासाठी बाजूला काढली.

आम्ही जेवायला बसलो. मी सगळ्यांना वाढलं आणि पाण्याचा तांब्या उचलला. सईचे दोन्ही हात झटकन तिच्या ताटावर आले, बोटं पसरलेली, वरणभात पूर्ण झाकलेला. माझा नवरा हसला, म्हणाला, कुणी पळवत नाही गं तुझं जेवण. अपर्णा हसली नाही. ती सईकडे वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, "सई, हात काढ. असं नाही करायचं. कुणी काही करत नाही, ते आईला उगाच वाटायचं. उद्या बाबांकडे असं करू नकोस हं."

सईने आईकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या तांब्याकडे. मग तिने हात काढून मांडीवर ठेवले. मी तिच्या ग्लासात पाणी ओतलं आणि म्हटलं, करा सुरू, गार होतंय.